ताईस, वर्गावर जाण्याआधी

कोल्हापूर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तासिका तत्त्वावर का होईना, तुला कॉलेजात वर्ग मिळाला म्हणून बाबांनी गल्लीभर पेढे वाटले. "पहिल्या वर्षाच्या पोरांना लिहायला नेमकं शिकवायचं काय?" असं तू विचारलंस. फोनवर सांगायला गेले असते तर बाबा मधेच बोलले असते, म्हणून पत्र.

तुझ्याकडं येणारे निबंध छापातल्या गणपतीसारखे असतील. "शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे" इथून सुरुवात आणि शेवटी सुविचार. खांडेकरांच्या गावातली आपण माणसं. मराठीला पहिलं ज्ञानपीठ त्यांच्यामुळं मिळालं, १९७४ चं. पण त्यांच्यासारखी सुभाषितं पाडायची हौस इथं जरा जास्तच आहे. पोरांवर चिडू नकोस, दहावी-बारावीला त्यालाच मार्क मिळालेले असतात.

पहिल्या खर्ड्यावर मी लाल पेन लावत नाही. समासात एक-दोन प्रश्न लिहिते, बस. कागलकडच्या एका पोरानं गुऱ्हाळावर पानभर 'ग्रामीण संस्कृतीचा ठेवा' लिहून आणला होता. मी विचारलं, "उकळत्या रसाची काहील कधी उतरायची हे गुळव्याला कसं कळतं?" पुढच्या तासाला वहीत सगळं गुऱ्हाळच आलं. चुलवाणात चिपाडाचा जाळ, भेंडीचं पाणी घातल्यावर वर येणारी मळी. गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून बोटांनी वळून बघतो, गोळी झाली की हाळी देतो, मग गडी धावतात आणि रस वाफ्यात ओततात. ऱ्हस्व-दीर्घाचा पार बोजवारा होता. ते नंतर बसून काढलं, त्याला कितीसा वेळ लागतो!

माझ्या फुटबॉलच्या वेडाला तू हसतेस, पण वर्गात ते कामाला येतं. शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच झाली की दोन्ही पेठांच्या पोरांना एकच गोल लिहायला लावते. अट एवढीच, विशेषण नको, शिवी नको. कोण कुठं उभा होता, बॉल कुणाच्या पायात होता, तेवढंच. ऑफसाइडवरून एकदा बाकं सरकायची वेळ आली होती. पण मुद्दा पटवून कसा द्यायचा, हे पुस्तकातल्या धड्यापेक्षा त्या तासाला जास्त कळलं.

मुली संवादात "मी गेलो होतो" लिहितील. आपल्याकडं बोलतातच तशा, राहू दे. खर्डा मोठ्यानं वाचायला लाव, जिथं दम लागेल तिथं वाक्य तोडायचं. आणि वर्गाला जे लिहायला देशील ते तूही लिही, त्यांच्यासमोर वाच. पोरं तुझ्या चुका आनंदानं काढतील, काढू देत.

वाचन सोडू नकोस. तासांच्या पैशात पुस्तकं परवडायची नाहीत. करवीर नगर वाचन मंदिरातलं तुझं खातं मी चालू ठेवलंय.

दिवाळीला येताना चार-पाच खर्डे घेऊन ये. जेवणं आटोपली की बसू. बाबांना वाचून दाखवायला सांगू, म्हणजे त्यांचंही तोंड कामात राहील.

तुझी,
आई