डबा बंद केलाय, रागावू नका

प्रिय आई, बाबा,

फोनवर बोलायला गेलो की आई "सगळं ठीक आहे रे" म्हणते आणि विषय संपतो, म्हणून लिहितोय. सोमवारपासून रात्रीचा डबा मी बंद केलाय. तुम्हाला न विचारता केला, चुकलंच, पण विचारलं असतं तर तुम्ही अजून एक महिना, अजून एक महिना करत राहिला असता. मागच्या वेळी आलो तेव्हा डब्यातल्या भाजीवर बोटभर तेल होतं, भाताला सोड्याचा वास येत होता, आणि बाबा तेच रोज खात होते, तक्रार न करता. रक्तातल्या साखरेची ती एचबीएवनसी तपासणी ७.९ आलीय बाबा. हा आकडा एका दिवसाच्या जिलेबीचा नाही, दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी असते ती. नानांच्या वेळी आपण "बघू नंतर" म्हणत राहिलो होतो ना.

मी खरं तर महिनाभर राहायला हवं होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर बारा दिवसांत निघून आलो ते अजून खातंय मला. पण रजा उरलीच नव्हती, आणि आत्ता नोकरी सोडून येणं म्हणजे तुमच्याच डोक्याला घोर, हे तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून असं ठरवलंय, दुपारचं मावशी करतील, रात्रीचं बाबा करतील. हो, बाबाच. आई, यांना ओट्याशी उभं केलं म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, तू शेजारी खुर्ची टाकून बस आणि फक्त सांग. उठायचं नाही.

करायची दलियाची खिचडी. दलिया म्हणजे आपला लापशी रवा, गहू सालासकट भरडलेला, म्हणून त्यात कोंडा राहतो आणि साखर पांढऱ्या भातासारखी झरकन चढत नाही. पण म्हणून गोळी बंद करायची नाही हं, आणि गोळी घेऊन जेवण टाळायचं तर अजिबात नाही.

अर्धी वाटी दलिया, पाव वाटी मुगाची डाळ, दोघांना पुरतं. कुकरमध्येच दोन चमचे तेल, छोटा चमचा, त्यात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, किसलेलं आलं. मग दलिया मंद गॅसवर चार-पाच मिनिटं परतायचा. इथे घाई नको बाबा. आधी पिठासारखा कच्चा वास येतो, मग एकदम खमंग, पोळी तव्यावर फुगताना येतो तसा, दाणे जरा तांबूस दिसतात आणि चमच्याला सुटे लागतात. तो वास आला की धुतलेली डाळ, हळद आणि दोन वाट्या भाज्या घाला. गाजर, दुधी किसणीवर किसा, म्हणजे सुरीचा प्रश्न नाही, फरसबी आणि मटार मावशी दुपारीच निवडून ठेवतील, सांगितलंय त्यांना. फरसबी ताटाच्या कडेला लावून ठेवायची नाही, मला दिसतं सगळं. तीन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. दलिया फुगतो म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही आणि वाफ आपोआप गेल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

मीठ अर्धा छोटा चमचा बास. दिवसभराचं मिळून एक चमचा म्हणतात, पाच ग्रॅम, त्यात लोणचं आणि पापड पण आले. कमी वाटेल सुरुवातीला, त्यावर लिंबू पिळा, पण गॅस बंद केल्यावर, ताटात. आईचं हिमोग्लोबिन कमी आहे, लिंबामुळे धान्यातलं लोह अंगी लागतं, आणि उकळलं की त्यातलं क जीवनसत्त्व कमी होतं. वरून अर्धा चमचा साजूक तूप घ्या, ते मी बंद करत नाहीये.

रोज तेच नको वाटलं तर आजीच्या ज्वारीच्या कण्या करा ताक घालून, आई सांगेल. आई, मला ताप आला की तू मऊ भात कालवायचीस आणि बाबा बशीत पसरून फुंकर घालून गार करायचे, पहिला घास बाबांच्या हातचा, नाहीतर मी तोंड उघडायचो नाही. खिचडी परतताना दर वेळी ते आठवतं. इथे मी पण रात्री हेच खातो, त्यामुळे जेवणाची काळजी करू नका.

आठच्या आत जेवायचं. दलिया अर्ध्या किलोचेच पुडे पाठवलेत, सालासकट असल्याने लवकर खवट होतो, फोडलेला पुडा निळ्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. कुकरची नवी रिंग पुड्यांच्या खाली आहे. जुनी फेकून द्या बाबा, आई "असू दे, लागेल" म्हणून कुठेतरी ठेवेल, तिला ठेवू देऊ नका.

तुमचा,
बाळू