वादळात माणसांसाठी पण एक पक्की खोली ठेवा

संपादक साहेब,

परवा जळगावात वादळ आलं तेव्हा मी ड्युटीवर होतो, शेडचे पत्रे उडायला लागले म्हणून वॉचमन काका, सफाईवाल्या ताई आणि मी सर्व्हर रूममध्ये, म्हणजे ऑफिसची मुख्य कॉम्प्युटर मशीनं ठेवतात त्या खोलीत घुसलो, कारण आख्ख्या ऑफिसात बिनखिडकीची तीच एक खोली. लाइट गेली, मशीनचा बॅटरी बॅकअप म्हणजे यूपीएस बीप बीप करायला लागला, जनरेटर सुरू होईपर्यंत ताईंनी माझा हात सोडला नाही. पण अशा खोलीत आग विझवायला गॅस असतो, काही ठिकाणी कार्बन डायऑक्साइड, तो सुटला तर माणूस गुदमरतो, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं! आमच्याच जिल्ह्यात रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, हे काय नवीन आहे का? मशीनसाठी एसी, बॅटरी सगळं आहे, मग माणसांसाठी एक पक्की खोली, टॉर्च आणि पाणी ठेवा ना. आणि वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप वॉचमन काकांच्या मोबाईलवर पण टाकून द्या.

— एक कर्मचारी, जळगाव