कपाळावर झेललेल्या चेंडूंचा हिशेब द्या

माननीय क्रीडामंत्री, ब्रिटन सरकार, यांस,

स. न. वि. वि.

इंग्रजीत तीन पत्रं पाठवून झाली. आता माझ्या भाषेत, चारचौघांसमोर लिहिते. माझ्या सासऱ्यांचा सरकारी मदतीचा अर्ज मंगळवारी फेटाळला गेला. कारण काय, तर फुटबॉलपटूंचा स्मृतिभ्रंश व्यवसायजन्य आजारांच्या यादीत नाही. "लवकरच विचार करू" हे ऐकून चार वर्षं झाली.

बाबा खालच्या डिव्हिजनमध्ये एकाच क्लबकडून चौदा हंगाम सेंटर-हाफ, म्हणजे उंच चेंडू डोक्याने परतवणारे मधले बचावपटू, म्हणून खेळले. परवा नातीच्या वाढदिवसाला एक फुगा त्यांच्या अंगावर आला. बाबांनी मान ताठ केली, डोळे उघडे ठेवले आणि फुगा बरोब्बर कपाळाच्या मधोमध घेतला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुम्ही कोण?" बावीस वर्षं मी त्यांची सून आहे हो!

मी लीड्सला राहते. इथल्या लीड्स युनायटेडचे बचावपटू जॅक चार्लटन यांचंच बघा. 1952 ते 1973, एकच क्लब, 773 सामने. ॲशिंग्टन या कोळसाखाणीच्या गावातल्या खाणकामगाराचा हा मुलगा. खाणीत थोडे दिवस काढले आणि ते आयुष्य नको म्हणून फुटबॉलकडे आला. सामन्याला दहाच हेडर, म्हणजे डोक्याने मारलेले चेंडू, धरा, तरी पावणेआठ हजाराच्या घरात जातात. सराव वेगळाच. आणि चेंडू कातडी, पावसात पाणी पिऊन जड झालेला. 2020 मध्ये ते गेले तेव्हा त्यांनाही स्मृतिभ्रंश होता. 1966 च्या विश्वचषक अंतिम सामन्यातल्या इंग्लंडच्या अकरापैकी पाच जणांना तो झाला. खाणीतच राहून फुप्फुसात कोळशाची धूळ साठली असती, तर तो आजार तुमच्या यादीत आहे. डोकं गेलं तर नाही?

इंग्लंडचे माजी फुटबॉलपटू जेफ ॲस्टल 59 व्या वर्षी गेले, तेव्हा 2002 मध्येच कॉरोनरने, म्हणजे मृत्यूचं कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, 'व्यवसायजन्य आजार' असा निकाल दिला होता. ग्लासगोच्या संशोधकांनी 7,676 माजी खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या अशा आजारांचा धोका बचावपटूंना सुमारे पाचपट, क्वचितच हेडर मारणाऱ्या गोलरक्षकांना मात्र इतर माणसांइतकाच! आणखी कसला पुरावा हवा?

टीव्हीचे अब्जावधी पौंड येतात, ते कुणाच्या कपाळावर उभे आहेत? क्लबला निष्ठा हवी, संघटनेला ट्रॉफी हवी, सरकारला सत्कारातले फोटो हवेत. म्हाताऱ्याची लंगोट बदलायला मात्र घरचेच. शुश्रूषागृहासाठी बाबांचं घर विकलं, त्यातलेही पैसे संपत आले.

सोमवारी पुन्हा अर्ज टाकते आहे. मागच्या अर्जावर बाबांनी स्वतः सही केली होती. या वेळी त्यांच्या वतीने त्यांचा मुलगा करणार आहे.

आपली,
एक सून, लीड्स