देवमासे रॉकेलने वाचवले नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतील इंधनाच्या इतिहासावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. मात्र खनिज तेल सापडले म्हणून देवमासे वाचले, या त्यातील विधानाला हरकत घेणे भाग आहे. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून मीही वर्गात अनेक वर्षे हेच सांगत आलो, त्यामुळे ही हरकत काही अंशी माझ्यावरच आहे.

१८५९ मध्ये पेनसिल्व्हानियात तेलविहीर लागली आणि पुढे दिव्यांत देवमाशाच्या तेलाऐवजी रॉकेल जळू लागले, हे खरे. पण शिडाच्या जहाजांवरून वल्ह्यांच्या होड्या सोडणाऱ्या त्या काळच्या शिकाऱ्यांना निळा देवमासा किंवा फिन व्हेल सहसा गाठताच येत नसे, आणि मारला तरी तो बुडे. स्व्हेन फॉइन या नॉर्वेच्या उद्योजकाने १८६० च्या दशकात वाफेच्या बोटीवर स्फोटक भाला फेकणारी तोफ बसवली. धडात हवा भरून ते तरंगते ठेवण्याची युक्तीही रूढ झाली आणि ही अडचण संपली. गिऱ्हाईक मात्र माझ्या विषयाने मिळवून दिले. निकेलच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची जी क्रिया मी वनस्पती तुपाचे उदाहरण देऊन शिकवली, तिच्यामुळेच विसाव्या शतकात देवमाशाचे तेल युरोपात मार्गारिन, म्हणजे लोण्याची स्वस्त नक्कल, होऊन पावावर आले.

परिणाम आकड्यांतच पाहावा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मिळून सुमारे तीन लाख स्पर्म व्हेल मारले गेले असा अंदाज आहे. रॉकेल घरोघरी पोहोचल्यानंतरच्या विसाव्या शतकात तोच आकडा सात लाखांच्या वर गेला. सर्व जाती धरल्या तर त्या शतकात सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले. १९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिकाच्या समुद्रात २९ हजारांच्या आसपास निळे देवमासे पडले. १९४६ च्या करारातून नियंत्रणासाठी आंतरराष्ट्रीय आयोग स्थापन झाला खरा, पण शिकारीचा कोटा ठरे तो तेलाच्या हिशेबाने: एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई (या देवमाशांच्याच इतर जाती). कोणती जात संपत आली आहे, याला त्या मापात जागाच नव्हती.

आणि हे सारे दूर ध्रुवाकडेच घडले असेही नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत, म्हणजे आपल्याच अरबी समुद्रात, दोनशेहून अधिक हंपबॅक मारले. ही शिकार बेकायदा होती. खरे आकडे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी जपून ठेवले म्हणून १९९० च्या दशकात ते जगाला कळले. इतर हंपबॅक थंड समुद्राकडे स्थलांतर करतात. हे वर्षभर इथेच राहतात आणि ओमानजवळ त्यांची संख्या आज शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आहे.

व्यापारी शिकारीवरील बंदीचा ठराव १९८२ मध्ये झाला आणि १९८६ पासून ती लागू झाली. नॉर्वे, आइसलँड आणि जपान यांनी ती पुढे मनापासून पाळली नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय आहे. आपल्या लेखातील विधान तेवढे दुरुस्त व्हावे आणि या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा १९६६ चा तो नोव्हेंबर त्यात यावा, ही विनंती. २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रह-यंत्र लावलेली एक हंपबॅक मादी अरबी समुद्र ओलांडून थेट भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली होती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कोथरूड, पुणे