मंत्रीसाहेब, न धुतलेल्या फिल्मला एक्स-रेतून सूट द्या

माननीय केंद्रीय नागरी हवाई वाहतूक मंत्री यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी पुण्यात राहतो आणि अजूनही रोलवर फोटो काढतो. उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स बंद पडली, त्यामुळे आता जे येतं ते बाहेरून, कोडॅक अमेरिकेतल्या रॉचेस्टरमधून, इलफर्ड इंग्लंडमधून, आणि विमानाने आलं की वाटेत किती एक्स-रे मशीनमधून गेलं ते कुणालाच माहीत नसतं.

संक्रांतीला आईने तिची जुनी काळी चंद्रकळा नेसली होती, हलव्याचे दागिने घातलेली नात मांडीवर. बाहेरून मागवलेला ४०० स्पीडचा (स्पीड म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील ते) ब्लॅक अँड व्हाइट रोल लावला. धुतल्यावर निगेटिव्ह खिडकीशी धरली तर दोन फ्रेममधली जवळजवळ कोरी दिसायला हवी ती पट्टीसुद्धा गडद राखाडी, आणि तिच्यावरून लाटेसारखा एक पट्टा आडवा गेलेला. निगेटिव्हवर काळी साडी म्हणजे जवळजवळ कोरी जागा, त्यामुळे एक्स-रेचं धुकं, म्हणजे ही राखाडी झाक, सगळ्यात आधी तिथेच दिसतं. प्रिंटमध्ये चंद्रकळा मातकट झाली, तिच्यावरचे ठिपके गेले. तो दिवस परत कुठून आणू?

मशीनचा परिणाम साचत जातो साहेब, प्रत्येक स्कॅनला थोडी भर. केबिन बॅगेचं जुनं एक्स-रे मशीन कमी स्पीडच्या रोलला एक-दोनदा चालून जातं, पण नवीन सीटी स्कॅनरमधून एकदाही नेऊ नका असं कोडॅकच सांगते, आणि चेक-इन सामानाची मशीन तर अजूनच जोरदार. एक्स-रे अडवणारी शिशाची पिशवी वापरा म्हणतात, पण स्क्रीनवर काळा ठोकळा दिसला की तपासणीचा माणूस बॅग उघडणार नाहीतर परत फिरवणार, त्याचं तरी काय चुकलं, त्याचं काम आहे ते.

माझ्या एका मित्राचा तर १०० फुटी कोऱ्या फिल्मच्या रोलचा डबा वाटेत कुणीतरी उजेडात उघडून बघितला. झाकण निघालं, संपलं सगळं.

तपासणी नको असं मी अजिबात म्हणत नाही. अमेरिकेत विमानतळावर मागितलं तर फिल्म हाताने तपासून देतात. आपल्याकडे समोर कोण उभं आहे त्यावर सगळं ठरतं. डबी बाहेरून पुसून स्फोटकं शोधायची सोय आहेच, ती न धुतलेल्या फिल्मसाठी वापरा, प्रवाशालाही आणि लेबल लावलेल्या पार्सललाही, असं एक लेखी परिपत्रक काढा. कस्टम्स अर्थखात्याकडे आहे हे ठाऊक आहे, पण 'डबा उजेडात उघडू नये' एवढं त्यांना तुमच्याकडून गेलं तर ऐकतील. परिपत्रक निघालं की त्याची प्रत मी कॅमेऱ्याच्या बॅगेतच ठेवीन.

आपला,
पुण्याचा एक फोटोग्राफर