तेलविहिरीच्या गाळाची नोंद सातबाऱ्यावर करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तळ्यातला गाळ शेतात टाकण्याची आपली पद्धत जुनी आहे, त्यामुळे ‘तेलविहिरीचा गाळ टाकल्याने पडीक जमीन सुधारते’ असे कुणी सांगितले, तर ते शेतकऱ्याला चटकन पटते. पण तेलविहीर खोदताना निघणारा गाळ वेगळा. ड्रिल थंड राहावे, विहिरीच्या भिंती ढासळू नयेत आणि खडकाचा चुरा वर यावा म्हणून विहिरीत चिखल फिरवतात. त्याला वजन यावे म्हणून बराइट, म्हणजे बेरियम या धातूचे खनिज घालतात; खालचे चिकणमातीचे थर फुगू नयेत म्हणून पोटॅशियम क्लोराइड; काही ठिकाणी तर पाण्याऐवजी तेलातच चिखल कालवतात. वर येताना तो खालच्या थरांतले तेल आणि क्षार घेऊन येतो.

न्यूझीलंडचा तरानाकी हा प्रांत दुधासाठी आणि तेलासाठी, दोन्हींसाठी ओळखला जातो. तिथे हा गाळ शेतावर पसरतात, मातीत मिसळतात आणि वर गवत पेरतात. याला ‘लँडफार्मिंग’ म्हणतात. सगळी भिस्त मातीतल्या जिवाणूंवर. तेल जिवाणू खातात, हे खरे. बेरियम कोण खाणार? आणि पावसाने खाली झिरपलेले मीठ कुणाच्या विहिरीत जाणार? किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीवर गवत चांगले आले, गाई चरू लागल्या, म्हणून प्रश्न मिटत नाही.

2013 मध्ये फॉन्टेरा या दूध कंपनीने जाहीर केले, की लँडफार्मिंग केलेल्या नव्या जमिनींवरचे दूध आम्ही घेणार नाही. ही शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था आहे. आधीपासून येणारे दूध सुरक्षित आहे असे ती सांगत होती, तरी वाढीव तपासण्यांचा खर्च आणि ग्राहकाचा विश्वास यांचा विचार करून तिने ही रेघ ओढली. तरानाकीची प्रादेशिक परिषद, म्हणजे तिथली स्थानिक शासनसंस्था, मात्र या कामाला परवाने देत होती. पुढच्या वर्षी तिथल्या संसदीय पर्यावरण आयुक्त जॅन राइट यांनीही तेल-वायू उत्खननावरील अहवालात या पद्धतीबद्दल प्रश्न उपस्थित केले.

मी आयुष्यभर डेअरीच्या प्रयोगशाळेत काम केले. रोज फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), आम्लता, भेसळ तपासली. बेरियम कधीच नाही. गाय कुठल्या मातीवर चरली हे दूध सांगत नाही. म्हणूनच माझा आग्रह दुधाच्या नव्या तपासणीपेक्षा जमिनीच्या नोंदीसाठी आहे.

मी वडोदऱ्यात राहतो. गुजरातमध्ये खंभातजवळ 1958 मध्ये आणि अंकलेश्वरला 1960 मध्ये तेल लागले. मेहसाण्यात आजही शेतांमधून तेलविहिरी दिसतात. आपल्या 2016 च्या घातक कचरा नियमांत तेल असलेला ड्रिलिंगचा चिखल घातक ठरवला आहे, पण पाण्यात कालवलेल्या चिखलातून निघालेला खडकाचा चुरा त्या यादीतून वगळला आहे. जमिनीवरच्या तेलविहिरींच्या गाळासाठी अस्तर घातलेला खड्डा करायचा आणि भरला की वरून अस्तर व माती टाकून झाकायचा, असाही नियम आहे. झाकल्यानंतर काय? वीस वर्षांनी त्या जमिनीचा तुकडा विकला, वाटणी झाली, नव्या मालकाने बोअर घेतला, तर खाली काय पुरले आहे हे त्याला कोण सांगणार?

सातबारा महाराष्ट्राइतकाच गुजरातमध्येही चालतो. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरीतला हिस्सा असे सगळे त्यावर चढते. मग खड्ड्याचे वर्ष, नेमकी जागा, खोली आणि चिखल पाण्यातला होता की तेलातला, एवढे का चढू नये? जमीन शेतकऱ्याला परत देण्यापूर्वी मातीची व जवळच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी तेल कंपनीच्या खर्चाने व्हावी आणि तिचा अहवाल त्याच्या हातात, त्याच्या भाषेत पडावा. तपासणी नाही तोवर जमिनीचे भाडे चालू ठेवावे. देशात जिथे जिथे शेतात ड्रिलिंग चालते तिथल्या महसूल खात्यांनी हे मनावर घ्यावे, अशी कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त डेअरी कर्मचारी, वडोदरा