टिल्या चिडका झाला नव्हता

चिऊ,

फोनवरच सांगणार होतो पण फोनवर तू मधेच रडायला लागतेस आणि मग मी "अगं बरंय सगळं" म्हणून फोन तुझ्या आईकडे देऊन मोकळा होतो, म्हणून टाईप करत बसलोय. आधी एवढं वाच की टिल्या खातोय, लेंड्या टपोऱ्या आहेत, काल कोथिंबिरीची अख्खी जुडी संपवली. आता पुढचं वाच.

जुलैपासून सुरू झालं. तुला आठवतंय ना, 2019 ला त्याचं न्यूटरिंग केलं, म्हणजे वृषणं काढली, तेव्हापासून हा ससा म्हणजे नुसता साधूमहाराज, कोपऱ्यात बसावं, गवत चावावं, कान खाजवून घ्यावेत. आणि जुलैत एक दिवस मी बाथरूममधून बाहेर आलो तर माझ्या पायाभोवती गोल गोल फिरायला लागला, घशातून घुर्र घुर्र आवाज काढत, आणि मग माझ्या निळ्या चपलेवर चढला. मी हसलो, खरं सांगतो, व्हिडिओ पण काढला होता तुला पाठवायला. नंतर हसायचं थांबलं कारण आईच्या पोटरीला असा चावला की रक्त आलं, आणि घरभर मुताचे फवारे, सोफ्याच्या पायाला, दाराला, कपाटाला, आणि वास असा की उदबत्तीने काही होईना. गौरी जेवणाच्या दिवशी तर त्याने आजीच्या पाटावरच फवारा मारला. सवाष्णी यायला अर्धा तास होता. आईचा चेहरा तू इमॅजिन कर.

मी त्याला पिंजऱ्यात घालून दोन दिवस बाल्कनीत ठेवला. पाऊस आत येत नव्हता, ताडपत्री लावली होती, पण ठेवला. तो जाळीला नाक लावून बसायचा. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता सगळं लिहितोच आहे तर हेही.

आणि माझी थिअरी तयारच होती की तू जर्मनीला गेलीस म्हणून हे चाललंय, तुझ्या खोलीच्या दाराशीच जास्त फवारे होते त्यामुळे मला अगदी पटलं होतं, सोसायटीतल्या दोघा-तिघांना सांगूनही झालं. आपल्या जवळच्या डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले वय झालं की होतात चिडके, सात वर्षांचा आहे, चालायचंच. पाच मिनिटांत बाहेर. ते कुत्री-मांजरंच जास्त बघतात, त्यांना तरी काय बोलणार.

मग ससे बघणाऱ्या एक डॉक्टर मॅडम औंधला बसतात असं कळलं. टिल्याला बास्केटमध्ये घालून रिक्षाने गेलो, युनिव्हर्सिटी चौकात चाळीस मिनिटं अडकलो, मी त्याच्यावर नॅपकिन धरून बसलेलो. मॅडमनी माझी तुझ्या विरहाची गोष्ट पूर्ण ऐकली आणि मग एकच विचारलं, न्यूटर करताना दोन्ही वृषणं निघाली होती का, की एक पोटात राहिलं होतं? मला काय माहीत! आईला फोन केला, तिने ती पिवळी फाईल काढून फोटो पाठवला. दोन्ही निघाली होती.

"मग ॲड्रिनल बघूया," म्हणाल्या. किडनीजवळ दोन छोट्या ग्रंथी असतात बघ, ज्या स्ट्रेसचे हार्मोन बनवतात. पोटातल्या बाळात या ग्रंथी आणि वृषणं एकाच जागेच्या पेशींपासून तयार होतात म्हणे, त्यामुळे ॲड्रिनलला ते काम जुनं ओळखीचं असतं. न्यूटर केल्यावर मेंदूतली पिट्युटरी वरून हुकूम सोडतच राहते, खाली ऐकणारं कोणी नाही, आणि मग वर्षानुवर्षांनी कधीतरी ही ॲड्रिनल मोठी होते आणि स्वतःच टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, बनवायला लागते. फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी तिकडे पाळतात ना, त्यांच्यात हे खूप दिसतं, सशात कमी. मागच्या पायातून रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. डावी ॲड्रिनल मोठी आहे, आणि न्यूटर केलेल्या सशात जे टेस्टोस्टेरॉन जवळपास नसायलाच हवं ते भरपूर आहे.

म्हणजे बिचारा सात वर्षांचा म्हातारा, त्याच्या अंगात वयात आलेला पोरगा घुसलाय आणि त्याचं त्यालाच कळत नाहीये काय चाललंय. मी त्याला बाल्कनीत ठेवलं.

रिक्षातून येताना मला आईचंच आठवत होतं. तू लहान होतीस, 2011 असेल. दीड वर्ष मी म्हणत होतो की हिचा स्वभाव बदललाय, शाळेचं टेन्शन घरी आणते, कशावरून पण भडकते. चहाचा कप देताना बशी वाजायची, टकटकटक, एवढे हात थरथरायचे, आणि मला ते पण रागाचंच वाटायचं. नंतर कळलं थायरॉईड जोरात चाललंय. तेव्हाही अशीच एक थिअरी माझ्याकडे तयार होती. आईला हे बोललो तर म्हणाली, सशाचं दोन महिन्यांत कळलं, सुधारलात.

आता मुद्द्याचं. दोन रस्ते आहेत. एक ऑपरेशन, ग्रंथी काढायची. उजवी मोठ्या शिरेला अगदी चिकटून असते, डावी त्या मानाने बरी, पण आत हात घालणं ते घालणंच. ससा उलटी करू शकत नाही त्यामुळे ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं नसतं (मी तीनदा विचारून घेतलं), आणि नंतर लवकर खायला लागला पाहिजे, नाहीतर आतडी थंडावतात. दुसरं, त्वचेखाली औषधाची छोटी कांडी घालायची, ती पिट्युटरीचा हुकूमच दाबून टाकते. पण ग्रंथी जर कोणाच्या हुकुमाशिवाय चालायला लागली असेल तर उपयोग नाही, आणि सशात याचा भरवसा कमी असं मॅडम स्वच्छ बोलल्या. नीट सांभाळले तर ससे आठ-दहा वर्षं जगतात, कधी बारा.

मला वाटतं ऑपरेशन करावं. आई म्हणते या वयात चिरफाड नको, फवारे मी पुसते. पण फाईलवर मालक म्हणून तुझं नाव आहे, पंधराव्या वर्षी तूच सही केली होतीस, वाकड्या अक्षरात. तर शनिवारी तुझ्या दुपारी फोन कर, तोपर्यंत दोन्हीचा विचार करून ठेव, रडून झालं की मगच लाव.

तो आता हॉलमध्येच आहे, गाद्या वर उचलून प्लास्टिक अंथरलंय. मंडईत हार घेताना बाईने दुर्वांच्या दोन जुड्या तशाच दिल्या, त्या खात बसलाय. निळी चप्पल त्याला दिली, मी नवीन घेतली.

बाबा